माणसे नकोत, राक्षस दाखवा!

जपानी महाकाय राक्षसांच्या चित्रपटांबद्दल प्रेक्षकांचे एक ठरलेले मत आहे. ते मी इंग्रजीत वाचले आहे, हिंदीत ऐकले आहे, आणि आपल्या गोमंतकीय मंडळींनी जेवणानंतर सुपारी कातरता कातरता मराठीतही दिलेले ऐकले आहे. "माणसांची रडगाणी फार हो. अर्धा तास झाला तरी राक्षसाचा पत्ता नाही. आणि आला, तर रबराचा बाहुला!" एवढे बोलून निकाल लागतो. ज्या चित्रपटावर हा निकाल लागतो तो १९५४ चा 'गोजिरा', म्हणजे जगाला 'गॉडझिला' या नावाने माहीत असलेल्या प्राण्याचा पहिला चित्रपट. तोहो कंपनीने काढलेला, इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला.

या मताशी मला भांडायचे आहे. गोजिराची वकिली मी करणार नाही. ज्याच्या नावाने सत्तर वर्षे तिकिटे खपली त्याला वकील कशाला हवा? मला बोलायचे आहे ते त्या चित्रपटातल्या माणसांच्या बाजूने. प्रेक्षकांना नको असलेली, कंटाळवाणी ठरवलेली, पुढे परदेशात कात्रीने कापून टाकलेली ती माणसे.

आधी एका बोटीची हकीकत. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, अपेक्षेच्या सुमारे अडीचपट. हिरोशिमाच्या बॉम्बच्या हिशेबाने हजारपट. त्या वेळी 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची जपानी मच्छीमार बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर टुना पकडत होती. बोटीवर २३ माणसे. पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड दिसला आणि मग काही तास आकाशातून पांढरी राख पडत राहिली. प्रवाळाची राख. ती त्यांच्या केसांत गेली, कपड्यांत गेली, पकडलेल्या मासळीवर पडली. बोट १४ मार्चला याइझू बंदरात परतली तेव्हा सगळे खलाशी आजारी होते, पण त्यांचे मासे बाजारात पोचले होते. मग जपानभर हाहाकार उडाला. मासळीचे भाव कोसळले, त्सुकिजीच्या बाजारात मासे जमिनीत पुरावे लागले. बोटीचा वायरलेस चालवणारा आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. वय वर्षे चाळीस.

'गोजिरा' प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबर १९५४ रोजी. कुबोयामाला जाऊन दीड महिनाही झाला नव्हता.

आता चित्रपटाची सुरुवात आठवा. समुद्रात एक बोट आहे. डेकवर खलाशी विसावले आहेत, एक जण गिटार वाजवतो आहे. अचानक पाण्यातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि बोट पेटते. वायरलेसवरून मदतीची हाक जाते. पुढच्या दृश्यात जहाज कंपनीच्या कचेरीत बायकामुलांची गर्दी: आमचा माणूस कुठे आहे ते सांगा. राक्षसाचे अजून नखही दिसलेले नाही. ज्या घरातला तारवटी सहा सहा महिने बोटीवर असतो, त्या गोमंतकीय घराला ही कचेरी कंटाळवाणी कशी वाटू शकते हे मला खरोखर कळत नाही. आणि मासळीबद्दल तर आपण बोलूच नये. जुलै २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा नुसता बोभाटा झाला, तर सरकारला काही काळ त्या मासळीवर बंदी घालावी लागली आणि आपल्या घराघरांत हुमणाच्या ताटासमोर माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. हे नुसत्या संशयावर! जपानी प्रेक्षकाच्या ताटातल्या माशावर १९५४ साली खरोखरीची राख पडली होती. तो प्रेक्षक थिएटरात बसून "राक्षस कधी येणार?" असे विचारत नव्हता. तो आधीच आला होता, त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत.

त्या चित्रपटाची तिथे सुमारे ९६ लाख तिकिटे खपली. जपानी समीक्षकांपैकी कित्येकांनी मात्र नाक मुरडले. ताज्या दुःखाचा बाजार मांडला असे म्हटले. हा आक्षेप मला पटत नाही, पण त्याचा मान मी राखतो. त्या समीक्षकांना निदान चित्रपटात दुःख दिसले होते. आमच्या मंडळींना दिसते ते रबर.

तर रबराकडे वळू. होय, तो माणूसच होता. हारुओ नाकाजिमा त्याचे नाव. सुमारे शंभर किलोंचा तो पोशाख घालून, दिव्यांच्या उकाड्यात, पंचविसाव्या हिश्शाने लहान केलेल्या टोकियोतून तो चालला. प्राण्यांची चाल शिकायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत असे. ट्रिक दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया 'किंग काँग'चे (१९३३) भक्त होते. पण तसे बाहुल्या इंच इंच हलवून चित्रण करायला वेळ नव्हता, पैसा नव्हता. म्हणून पोशाखात माणूस घातला आणि कॅमेरा जलद चालवला, म्हणजे पडद्यावर त्याची हालचाल जड आणि संथ दिसावी. आणि ती गर्जना? संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेने ती डबल बास या वाद्यातून काढली आहे. राळ लावलेला चामड्याचा हातमोजा तारांवरून ओढायचा आणि ध्वनिमुद्रण सावकाश वाजवायचे. ते ऐकताना वाद्य आठवत नाही. काहीतरी फार मोठे आणि फार जखमी आपल्याकडे येते आहे एवढेच कळते.

अमेरिकेत मूळ जपानी प्रत पन्नास वर्षांनी, २००४ साली, रीतसर थिएटरांत लागली. तेव्हा रॉजर ईबर्ट या फार मोठ्या समीक्षकाने तिला चारपैकी दीड तारे दिले. चित्रपटाचा विषय गंभीर आहे हे त्याने कबूल केले. तरी तक्रार काय, तर पोशाखातला माणूस पोशाखातल्या माणसासारखाच दिसतो, 'किंग काँग' याहून पटण्यासारखा होता. ईबर्टबद्दल मला आदर आहे, पण इथे त्याने खिडकीची काच खरवडून पाहिली, काचेपलीकडे पाहिले नाही. (त्याचे एक सोडा, तो बिचारा दशावतार न बघता गेला.)

आपल्याला तर ही सबबही नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जत्रेत काला पाहणारा माणूस संकासूर पाहून आलेला असतो. काळे कापड, काळे टोपडे, लोंबणारी लाल जीभ. कापड आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते आणि तेच पोर आजीच्या लुगड्यात तोंड खुपसते. संकासुराला आपण हसतो ते त्याच्या बोलण्याला. त्याच्या कापडाला कोणी हसल्याचे मी पाहिलेले नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर बांबू, गवत आणि कागदाचे नरकासुर उभे राहतात. ते पाहताना "अरे, हा खरा वाटत नाही" असे कोणी म्हणते का? मग ज्याची नजर पिढ्यान् पिढ्या अशी तयार झाली आहे, तोच माणूस जपानी चित्रपट लावला की अचानक हॉलीवूडचा हिशेबनीस कसा होतो? जपानी प्रेक्षकही काबुकी आणि बुनराकू बाहुल्यांच्या देशातला. काळ्या कपड्यांतले बाहुलीवाले त्याला रंगमंचावर दिसतात आणि तो दिसत नाहीत असे मानतो. मानणे ही त्याच्या बाजूची अर्धी मेहनत आहे. ती करायची नाही आणि चित्रपट कच्चा म्हणायचे, हा कुठला न्याय?

मग हे हसणे आले कुठून? १९५६ साली 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने हा चित्रपट अमेरिकेत लागला. मूळ ९६ मिनिटांचा तो सुमारे ८० वर आणला, आणि त्या ८० मध्येही रेमंड बर या नटाची नव्याने चित्रित केलेली दृश्ये भरली. हा एक अमेरिकन वार्ताहर, टोकियो जळताना कोपऱ्यात उभा राहून आपल्याला काय चालले आहे ते सांगत राहतो. एवढी जागा करायची तर काहीतरी काढले पाहिजे. राक्षस काढणे शक्य नव्हते. काढली ती माणसे.

काय काय गेले पाहा. लोकलगाडीतला तो छोटा संवाद गेला. एक तरुणी सोबत्यांशी बोलते आहे: आधी किरणोत्सारी टुना, मग तसलाच पाऊस, आता हा गोजिरा, नागासाकीतून कशीबशी जिवंत सुटले ती यासाठी का? बोलताना तिचा सूर साधा आहे, बस चुकली म्हणून कुरकुरावे तसा. त्या सुरानेच अंगावर काटा येतो. संसदेच्या समितीतला कडाक्याचा वादही गेला. एक सदस्य म्हणतो की बॉम्बच्या चाचण्यांशी याचा संबंध आहे हे जाहीर करू नका, लोक घाबरतील, परराष्ट्र संबंध बिघडतील; आणि समोरच्या महिला सदस्य उसळून म्हणतात, सत्य ते सांगितलेच पाहिजे. अमेरिकन ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला. त्या ताब्याच्या काळात अणुबॉम्बच्या जखमांबद्दल मोकळेपणी लिहायला-दाखवायला बंदी होती. हे लक्षात घेतले तर त्या बायका कोणावर ओरडत होत्या ते कळते. शेवटी प्रोफेसर यामाने म्हणतात की हा एकच गोजिरा असेल असे वाटत नाही, चाचण्या चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा येईल. तेही गेले. त्या जागी वार्ताहराचा आवाज सांगतो की संकट टळले, जग पुन्हा जगायला मोकळे झाले.

टळले! १९५६ साली! असो.

जग ज्याला हसले तो हा चित्रपट, माणसे उपटून टाकलेला. आणि मग तोहोनेही तेच करायचे ठरवले. ते मी लपवणार नाही. साठच्या दशकात गोजिराला पोर झाले, १९६९ मध्ये तो एका एकट्या मुलाच्या स्वप्नात आला, १९७३ मध्ये त्याने हवेत तरंगत शत्रूला लाथ घातली. ही लाथ पोरांना फार आवडते, मलाही आवडते. पण घरच्याच लोकांनी आजोबांना विदूषकाचे कपडे चढवले म्हणून आजोबांनी आयुष्यात पूर्वी काय भोगले ते खोटे ठरत नाही.

पुढची गंमत ऐका. १९९८ च्या अमेरिकन 'गॉडझिला'त राक्षस जन्माला घालणाऱ्या अणुचाचण्या कोणाच्या, तर फ्रान्सच्या. २०१४ च्या अमेरिकन चित्रपटाने तर कडी केली. १९५४ ची बिकिनीची ती चाचणी, जिच्या राखेत कुबोयामा मेला, ती म्हणे चाचणी नव्हतीच. राक्षसाला मारण्याचा प्रयत्न होता. म्हणजे आरोपीच साक्षीदार झाला आणि वर रक्षकाचा बिल्ला लावून आला. या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांनी तक्रार केली का? केली ना. भरपूर केली. राक्षस फार कमी वेळ दाखवला म्हणून!

म्हणून मला हे मत निरुपद्रवी वाटत नाही. 'माणसे नकोत, राक्षस दाखवा' म्हणणाऱ्या प्रेक्षकाला हळूहळू असा चित्रपट मिळतो, ज्यात राक्षस कोणी केला हे विचारणारे कोणी उरत नाही.

मूळ चित्रपटात ते विचारणारा माणूस आहे, आणि तो राक्षसाहून भयंकर आहे. डॉक्टर सेरिझावा. युद्धात एक डोळा गेलेला, तळघरातल्या प्रयोगशाळेत बसलेला. संशोधन करता करता त्याच्या हाती एक द्रव्य लागले आहे, जे पाण्यातला प्राणवायू नष्ट करून त्यातले सगळे सजीव संपवते. गोजिरा त्यानेच मरेल. पण सेरिझावा ते द्यायला तयार नाही. एकदा वापरले की सगळ्या जगाचे राजकारणी मागे लागतील. कागद जाळले तरी डोक्यातले कसे जाळणार? एमिकोने हे गुपित राखायचे वचन दिलेले असते. हल्ल्यानंतर ती इस्पितळात काम करते, तिथे एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजायचे यंत्र धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. ती वचन मोडते. सेरिझावा टीव्हीवर शाळकरी मुलींची शांततेची प्रार्थना ऐकतो, कागद जाळतो, समुद्रात उतरतो, शस्त्र वापरतो आणि वर येण्याची आपली दोरी स्वतःच कापतो. विजयाचा जल्लोष बोटीवर होतो खरा, पण सेरिझावाच्या माणसांना त्यात भाग घेता येत नाही.

शस्त्र बनवणाऱ्याने शस्त्रासकट स्वतःला संपवावे, असा शेवट अण्वस्त्रधारी देशातल्या प्रेक्षकाला बोचायला हवा. आपण तसे प्रेक्षक आहोत. १९९८ च्या मे महिन्यात, ११ आणि १३ तारखेला, पोखरणला स्फोट झाले आणि देशात रस्त्यांवर पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात अमेरिकेत तो फ्रेंच बॉम्बवाला 'गॉडझिला' लागला. चाचण्या कराव्यात की नाही यावर माझे-तुमचे मत वेगळे असू शकेल. पण पेढा खाल्लेल्या तोंडाने सेरिझावाच्या दृश्याला "बोअर" म्हणणे मला तरी जड जाते.

एक आक्षेप वजनदार आहे, त्याला बगल देणार नाही. जपान स्वतःला सोसणारा म्हणून दाखवतो, पण चीनमध्ये, कोरियात, फिलिपिन्समध्ये त्याच्या सैन्याने काय केले ते या चित्रपटांत कुठे आहे? खरे आहे, नाही. होंडा स्वतः चीनमध्ये सैनिक होते, युद्धानंतर कैदेतून सुटून १९४६ मध्ये परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिले. त्यांनी हिरोशिमा चित्रपटात आणले, चीन आणला नाही. ही उणीव आहे आणि जपानबाहेरच्या आशियाई प्रेक्षकाने ती बोलून दाखवावीच. मात्र हा आक्षेप घ्यायलाही आधी चित्रपटातली माणसे पाहावी लागतात, ती काय बोलतात आणि कशाबद्दल गप्प बसतात ते ऐकावे लागते. रबर मोजणाऱ्याला हा आक्षेपसुद्धा सुचणार नाही.

नव्या चित्रपटांबद्दलची मते जुन्याच साच्यातली. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांच्या 'शिन गोजिरा'वर (२०१६) शेरा असतो, "नुसत्या बैठका." अहो, बैठकाच तर आहेत! मार्च २०११ ची त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुभट्टी अपघात पाहिलेल्या देशाचा तो चित्रपट आहे. पंतप्रधान टीव्हीवर सांगतात की हा प्राणी जमिनीवर येऊ शकत नाही, आणि तेवढ्यात कोणी येऊन सांगतो की तो आला. मामलेदार कचेरीत एकदा तरी ज्याची फाईल अडली आहे, त्याने इथे खुर्चीवरून पडेपर्यंत हसायला हवे.

ताकाशी यामाझाकी यांच्या 'गॉडझिला मायनस वन'चे (२०२३) मात्र कौतुकच झाले. मार्च २०२४ मध्ये त्याला स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले आणि मंडळींना तोंडपाठ आकडे सापडले: पस्तीस माणसांनी सहाशे दहा दृश्ये केली, तीही दीड कोटी डॉलरच्या आतल्या खर्चात! कौतुक खरे आहे, पण पाहा, मोजपट्टी तीच आहे. १९५४ ला रबर स्वस्त म्हणून नापास, २०२३ ला संगणक स्वस्त म्हणून पहिला नंबर. "आणि आश्चर्य म्हणजे यात माणसांची गोष्टही चांगली आहे" हे वर. आश्चर्य कसले? विमान नादुरुस्त असल्याचे खोटे सांगून आत्मघाती मोहिमेतून जिवंत राहिलेला तो वैमानिक, आणि माणसाचा जीव कवडीमोल मानणाऱ्या युद्धकालीन सरकारबद्दल त्यातले माजी नौसैनिक जे बोलतात ते, या सगळ्याची सोय होंडांनी सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

माझे एवढेच म्हणणे आहे की १९५४ ची मूळ जपानी प्रत मिळवा, रेमंड बर नसलेली, आणि रात्री दिवा मालवून पाहा. टोकियो जळते त्या रात्रीत एक बाई आहे. काही सेकंदांचीच. नाव नाही, पुढे-मागे गोष्ट नाही. इमारतीच्या कडेला दोन-तीन पोरांना कुशीत घेऊन ती बसली आहे, पळायचा प्रयत्नही करत नाही. ती मुलांना समजावते की आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. बाबा कुठे आहेत, कधी गेले, हे चित्रपट सांगत नाही. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीच्या बॉम्बफेकीत याच शहरात सुमारे एक लाख माणसे जळून मेली होती, आणि थिएटरातल्या प्रेक्षकांना ते सांगावे लागत नव्हते. तिच्यामागे आकाश पेटलेले आहे. राक्षस त्या चौकटीत नाही.

आता राक्षसासाठी आणखी जागा करायची म्हणता, तर सांगा, हिला कापू?